लग्नात ताईने गप्प बसायचं होतं

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी 'सूत्रसंचालिका' म्हटलं की मला हसू येतं. एवढा लांबलचक शब्द तिला कधी लागलाच नाही. ती स्वतःला 'माइकवाली' म्हणते. मी तिचा धाकटा भाऊ, साउंडवाला. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजच्या कोपऱ्यात, वायरींच्या गुंत्यात बसून जो माणूस मिक्सरची बटणं खालीवर करतो आणि स्पीकरची शिट्टी वाजली तरच पाहुणे ज्याच्याकडे वळून बघतात, तो मी.

ताई डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला होती. काम काय, तर पेशंटची नावं पुकारणं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं! मग कधी एखाद्या दवाखान्यात बसून ऐका. माणसाचं नाव असं फेकतात की आपल्यालाच वाटतं, आपण काहीतरी गुन्हा करून आलोय. ताईने नाव घेतलं की उठणारा माणूस आधी कॉलर नीट करायचा. एका आजींच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. त्यांनी ताईला पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं, आणि नातीच्या लग्नात हीच बोलणार म्हणून घरच्यांपुढे हट्ट धरून बसल्या. तिथून ताईची लग्नं सुरू झाली.

चांगला निवेदक कुणाला म्हणायचं, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. मी कानाला हेडफोन लावून शेकडो ऐकलेत. बहुतेकांना वाटतं लग्न त्यांचंच आहे. स्टेजच्या मधोमध उभे राहतात, नवरा-नवरी बिचारी कडेला. कविता म्हणतात, शेर मारतात, नवरीच्या वजनावर विनोद करतात आणि वर म्हणतात, "टाळ्या कमी पडतायत!" अरे बाबा, टाळ्या कमी पडत नाहीयेत, तू जास्त पडतोयस.

ताई कडेला उभी राहायची. लग्नाआधी दोन्ही घरी जाऊन यायची. कोण हयात आहे, कोण गेलंय, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाचे गुडघे दुखतात, सगळं विचारून घ्यायची. ज्याची ओळख करून द्यायची, त्यालाच विचारायची, "तुमच्याबद्दल काय सांगू?" एका काकांचं घरच्यांशी बिनसलं होतं. ते फणकाऱ्याने म्हणाले, "सांगा, हा नुसता जेवायला आलाय." ताईने भर हॉलमध्ये, तेवढ्याच आदराने, एक शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं, "आणि हे नवऱ्या मुलाचे काका. हे नुसते जेवायला आलेत." काका पोट धरधरून हसले आणि ज्या पुतण्याशी बोलत नव्हते त्याच्याच गळ्यात पडले. ज्या माणसाच्या तोंडून ऐकलं नाही ते त्याच्याबद्दल माइकवर बोलायचं नाही, हा तिचा नियम. तो तिने कधी मोडला नाही.

भाषण लांबवणाऱ्यांसाठी तिच्याकडे वेगळाच इलाज होता. वक्ता श्वास घ्यायला थांबला रे थांबला की ही हसतमुखाने टाळ्या सुरू करायची. हॉल सुटकेच्या आनंदात टाळ्यांचा कडकडाट करायचा. वक्त्याला वाटायचं, आपण कमाल केली. तो नमस्कार करून खाली बसायचा. कुणाचा अपमान नाही, कुणाचं जेवण थंड नाही.

हे सगळं एका माणसाला खुपायचं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भावोजींना.

भावोजींचं सायकलचं दुकान. माणूस वाईट नव्हता, हे मी नाइलाजाने का होईना, पण मान्य करतो. दारू नाही, जुगार नाही, आवाज चढवणं नाही. पण बायको चारचौघांत बोलते आणि लोक कान देऊन ऐकतात, हे त्यांच्या पचनी पडेना. पंक्चर काढून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सहज म्हणायचं, "काल वहिनी काय छान बोलल्या हो!" आणि इकडे भावोजींच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एकदा जेवता जेवता म्हणाले, "आता एकतर माइक, नाहीतर मी. काय ते ठरव." ताईने तोंडातला घास संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ठरलं." आठवड्याच्या आत ती लेकीला घेऊन माझ्या घरी वरच्या खोलीत राहायला आली. पुढे कागदोपत्रीही दोघं रीतसर वेगळे झाले.

एक मात्र खरं. नवरा म्हणून नापास झालेला हा माणूस बाप म्हणून कधी चुकला नाही. दर रविवारी दारात सायकलची घंटी वाजायची. भाचीला त्यांनी सायकल शिकवली, परीक्षेला सोडलं, तिचा दात काढायचा होता तेव्हा डॉक्टरपेक्षा जास्त तेच घाबरले. ताई आणि ते एकमेकांशी बोलत नसत, पण मुलीसमोर दोघांनी एकमेकांबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. मी काढायचो. मग ताई मला झापायची.

भाचीने लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, शांत, कमी बोलणारा. आईवडील मात्र मोठे थाटाचे. त्यांचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. बोलणी करायला ते आमच्याकडे आले, तेव्हा व्याही घरातल्या बादल्या कुठल्या कंपनीच्या आहेत ते बघूनच बसले.

विहीणबाईंनी चहाचा कप हातात घेत विचारलं, "आणि मुलीचे वडील?"

"आम्ही वेगळे झालो," ताई म्हणाली. "त्यांचं सायकलचं दुकान आहे. लग्नाला येतील ते."

विहीणबाईंनी कप अगदी हळू खाली ठेवला. "आमच्या नातेवाइकांत असलं काही चालत नाही हो. बरं, असू दे. आम्ही काढू काहीतरी मार्ग."

मला वाटलं, मार्ग म्हणजे त्यांना मागच्या रांगेत बसवतील. माझी अक्कल तेवढीच धावली.

मग व्याह्यांनी घसा साफ केला. "आणखी एक. निवेदनाला आम्ही आमचा माणूस सांगितलाय. मुलीच्या आईने हातात माइक घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. तुम्ही आपलं मानाने खुर्चीत बसा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईची ख्याती सगळ्या गावाला ठाऊक आणि तिच्याच लेकीच्या लग्नात तिने तोंडाला कुलूप लावायचं? ताई काही म्हणणार तेवढ्यात तिची नजर भाचीकडे गेली आणि ती गप्प झाली.

पाहुणे गेल्यावर भाची आईच्या पुढ्यात येऊन बसली. "आई, एक दिवस. फक्त एक दिवस तू काही बोलू नकोस. तू बोलायला लागलीस की कुणाची भीडभाड ठेवत नाहीस. मला हा मुलगा हवाय गं."

"नाही बोलणार."

"शब्द?"

"शब्द," ताई म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. मी मागोमाग गेलो तर म्हणाली, "तू एक अक्षर काढू नकोस. माझी एकुलती एक पोर आहे. ती तुटली तर मी काय माइक उशाला घेऊन झोपू?"

लग्नाच्या दिवशी हॉलचा साउंड माझ्याकडेच होता. त्या हॉलला कायमचाच मी, त्यामुळे बादलीवाल्यांचा इलाज चालला नाही. त्यांचा निवेदक मोठ्या शहरातून आला होता. चकचकीत कोट, केसांना तेवढीच चकाकी. त्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग नवरा-नवरीचं. मुलाच्या थकलेल्या आजीला पायऱ्या चढून वर यायला लावलं, तेही नुसता हात हलवण्यासाठी. वाऱ्यासाठी दाराशी बसलेल्या लोकांना, "तिकडचे पाहुणे झोपले की काय?" म्हणाला. ताई पहिल्या रांगेत नव्या कपड्यांत बसली होती. आजी पायऱ्या चढताना ती अर्धी उठली, मग पुन्हा बसली. तिचे ओठ हलत होते. त्याने जे बोलायला हवं होतं ते ती मनातल्या मनात बोलत होती, हे मला कोपऱ्यातूनही कळत होतं.

थोड्या वेळाने भावोजी आले. इस्त्रीचा निळा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. नखांतलं ग्रीस घासूनही पुरतं गेलं नव्हतं. मुलाकडच्या कुणी त्यांना आधी पाहिलेलं नव्हतं; कुणी पुढे बोलावलं नाही आणि तेही गेले नाहीत. मागे उभ्या पंख्याशेजारी एक खुर्ची होती, तिच्यावर अंग चोरून बसले. भाचीने स्टेजवरून त्यांना पाहिलं आणि इतकी गोड हसली की फोटोग्राफरने वळून पाहिलं, कोण आलंय.

सह्या झाल्या, अंगठ्या झाल्या. मग निवेदकाने मला हळू संगीत लावायची खूण केली आणि आवाज रडवेला केला.

"आणि आता एक हळवा क्षण. आज या आनंदात एक खुर्ची रिकामी आहे. नवरीचे दिवंगत वडील... लेक लहान असतानाच ते हे जग सोडून गेले. आज ते वरून हा सोहळा पाहत असतील. त्यांच्या स्मृतीसाठी आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

विहीणबाईंचा मार्ग तो हा.

माझा हात बटणावरच राहिला. खुर्च्या करकरल्या, सगळा हॉल उभा राहिला. आणि शपथेवर सांगतो, सगळे उठले म्हणून भावोजीही उठले. मान खाली, दोन्ही हात पुढे बांधलेले. स्वतःच्याच श्रद्धांजलीला! शेजारचा पाहुणा त्यांच्या कानाशी कुजबुजला, "फार लवकर गेला हो बिचारा." आणि भावोजींनी मान हलवली. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. आयुष्यात कधी परक्यांसमोर चढ्या आवाजात न बोललेला माणूस. स्वतःच्या मरणाची बातमीही त्याने कुणाला अडचण नको म्हणून ऐकून घेतली.

मला आधी हसू फुटलं. मग हसल्याची लाज वाटली. मग असा संताप आला की तो कोटवाला हाताशी असता तर मी त्याला वायरीने बांधला असता. खरं तर त्याचा काय दोष? त्याला जे पढवलं ते त्याने म्हटलं. ज्यांनी पढवलं त्या विहीणबाई स्टेजवर डोळे मिटून उभ्या होत्या, अगदी घरचं माणूस गेल्यासारख्या.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पंख्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सगळा हॉल उभा होता. बसली होती ती एकटी ताई. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. नवऱ्यासाठी दोन मिनिटं उभं राहवत नाही का हिला? ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती लेकीच्या खाली घातलेल्या मानेकडे बघत होती. मग ती उठली आणि सरळ माझ्या कोपऱ्याकडे चालू लागली. निवेदकाने तिला पाहिलं, हात वर केला, पण त्यानेच सगळ्यांना गप्प राहायला सांगितलेलं, आता बोलणार कसा? ताईने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. माझ्याजवळचा जादा माइक मी त्या हातात दिला, त्याचा आवाज वर केला आणि कोटवाल्याचा खाली ओढला.

"बसा," ताई म्हणाली. तोच आवाज, दवाखान्यातला. "सगळे खाली बसा. ज्यांच्यासाठी तुम्ही उभे आहात, तेही तुमच्याबरोबर उभे आहेत. त्या पंख्याशेजारी, निळ्या शर्टात. मुलीचे वडील. तब्येत ठणठणीत आहे त्यांची."

माना अशा फिरल्या की पंख्यालाही तसं फिरता आलं नसतं. भावोजी उभेच. शेजारचा पाहुणा दोन पावलं मागे सरकला.

"आमचं पटलं नाही, आम्ही वेगळे झालो," ताई म्हणाली. "मी यांना सोडलं. मारलं नाही. मी सोडलं ते माझ्यापुरतं. हिचे बाबा हिच्याकडे होते आणि आहेत. या माणसाने एक रविवार चुकवला नाही. त्याला तुम्ही जिवंतपणी वर पाठवताय, तेही माइकवरून?"

"बंद कर रे तो माइक!" व्याही माझ्यावर ओरडले.

"नाही करणार," मी म्हणालो.

"मी कोण आहे माहितीये ना?"

"माहितीये. मुलाचे वडील. तुम्हीही जिवंत आहात."

पाहुण्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. विहीणबाई ताईच्या अंगावरच आल्या. "काय चाललंय हे? लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

ताईने माइक खाली घेतला नाही. विहीणबाईंना दिलेलं उत्तरही सगळ्या हॉलने ऐकलं. "नाही. मोडावं असं मला मुळीच वाटत नाही. पण बाप मेला असं सांगूनच जर माझ्या मुलीला सासर मिळणार असेल, तर असलं सासर मला नको. तिला हवं असेल तर तिने सांगावं, मी निमूट घरी जाईन." मग ती भाचीकडे वळली. "तुला शब्द दिला होता, आज बोलणार नाही म्हणून. मोडला मी. तू जन्मभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल."

'चालेल' म्हणताना तिचा आवाज चिरला. इतक्या वर्षांत माझ्या स्पीकरमधून तिचा असा आवाज कधी गेला नव्हता. न बोलता भागलं असतं, हे तिलाही कळत होतं. बसून राहिली असती तर जेवणं झाली असती, फोटो निघाले असते, लेक आनंदाने गेली असती. भावोजींनीही कुरकुर केली नसती. हे सगळं कळत असूनही ती उठली होती, आणि आता सगळा हॉल एका मुलीच्या तोंडाकडे बघत होता.

भाची जड पोशाख सावरत स्टेजवरून उतरली, आईकडे नजरही न टाकता पुढे गेली. ताईने डोळे मिटले. भाची थेट पंख्यापाशी जाऊन थांबली.

"बाबा, चला. तुमची खुर्ची वर आहे."

"अगं राहू दे," भावोजी पुटपुटले. "इथे वारा छान येतोय."

"बाबा, चला म्हटलं ना!"

तिने त्यांचा हात धरला आणि ओढतच निघाली. नवरा मुलगा इतका वेळ खांबासारखा उभा होता. तो आता उतरून, माझ्या वायरीत पाय अडकून धडपडत, अर्ध्या वाटेत त्यांना सामोरा गेला. "मला घरी सांगितलं होतं की तुम्ही यायला नाही म्हणालात," तो भावोजींना म्हणाला. मग आईवडिलांकडे वळला. "मला एक सांगितलंत, लोकांना भलतंच?" व्याही बादलीवाले घड्याळात बघू लागले. विहीणबाईंना एकाएकी पदराला सुरकुत्या दिसायला लागल्या.

बापाला घेऊन परत येताना भाची ताईजवळ थांबली. तिचे डोळे भरले होते आणि रागही होता, दोन्ही.

"आई, तू शब्द मोडलास."

"मोडला."

"मग आता तो माइक त्या माणसाला परत देऊ नकोस."

ताईने तो दिला नाही. कोटवाल्याला तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, "तुमची चूक नाही" म्हणून सांगितलं आणि उरलेलं लग्न हातात घेतलं. आजीला खाली आणून बसवलं, दोन काकांची भाषणं टाळ्या वाजवून आटोपली. मुलाच्या आईवडिलांची ओळख तिने इतकी नेटकी आणि गोड करून दिली की विहीणबाईंना रागवावं की हसावं ते कळेना. मला त्यांचा एवढा मान राखणं मुळीच पटलं नाही. मी असतो तर कर्कश शिट्टी वाजवून ओळख करून दिली असती. पाहुणे मात्र भावोजींभोवती जमले. जो तो हात मिळवत होता. मला तरी वाटतं, काही जण हात गरम आहे ना तेही बघून घेत होते.

जेवणं सरत आली तेव्हा भावोजी माझ्या कोपऱ्यात आले. ताई तिथेच उभी होती. कित्येक वर्षांनी ते दोघं इतके जवळ उभे होते. मी मान खाली घालून उगाचच एक वायर गुंडाळायला घेतली, कान मात्र तिकडेच.

"तू बोललीस," भावोजी म्हणाले. "बरं केलंस. मला बोलता आलं नसतं."

"माहितीये."

"माझं चुकलंच तेव्हा."

"तेही माहितीये."

भावोजींनी शर्टाची कड ओढली. चेहऱ्यावर एक आशा आली होती, लपवताही येत नव्हती. "मग... आता मी घरी येऊ का? म्हणजे, कायमचा?"

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, पण ती तसूभरही हलली नाही.

"मी तुम्हाला जिवंत म्हटलं," ती म्हणाली. "नवरा नाही म्हटलं."

मग माइक तोंडाशी नेऊन तिने सांगितलं की जे कुणी अजून जेवले नसतील त्यांनी कृपया जेवून घ्यावं. भावोजी जेवायचे राहिले होते. ते जेवायला गेले.